गव्हाची तुला

आमच्या गल्लीत माझ्याइतकी देवभोळी बाई दुसरी नव्हती, असं पंचवटीतल्या निदान चाळीस घरांचं ठाम मत होतं. खरं तर मी शाळेत गणित शिकवायचे आणि देवाला हात जोडायचे ते फक्त नववीचा निकाल लागायच्या आदल्या दिवशी. तरीही पाच वर्षं बायका मला वाकून नमस्कार करत होत्या, माझी ओटी भरत होत्या, आणि एका बाईंनी तर माझ्या ताटात उरलेली साबुदाण्याची खिचडी प्रसाद म्हणून डब्यात घालून घरी नेली होती. या सगळ्या पुण्याईचं मूळ माझ्या आतड्यात होतं.

लग्न होऊन मी लासलगावहून नाशिकला आले ते चौऱ्याण्णव साली. माहेरी दोन्ही वेळा बाजरीची भाकरी, पोळी सणावारी. सासरी सकाळी पोळी, दुपारी पोळी, रात्री उरलेल्या पोळीचा कुस्करा. दोन वर्षांत माझं पोट कायमचं बिघडलं, केस गळाले, आणि वजन एक्केचाळीस किलोवर आलं. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "माहेरी काही खाऊ घातलेलं नाही हो, हाडांचा सापळा आलाय आमच्याकडे." त्यात मूलही होत नव्हतं, म्हणजे दुहेरी खोट.

शेवटी मुंबईच्या एका डॉक्टरांनी तोंडातून नळी घालून आतड्याचा बारीकसा तुकडा काढला आणि निदान केलं. गव्हात ग्लुटेन नावाचा चिकट पदार्थ असतो, तो माझ्या आतड्याला सोसत नाही. गहू, रवा, मैदा, शेवया, सातू, सगळं बंद. किती दिवस, असं मी विचारलं. ते म्हणाले, जन्मभर.

घरी येऊन हे सांगितलं तेव्हा सासूबाई तव्यावर पोळी टाकत होत्या. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "गव्हानं कुणी आजारी पडतं का? गहू मिळत नाही म्हणून माणसं आजारी पडतात." नवरा सातपूरच्या एका कंपनीत होता. घरात कोणताही प्रश्न निघाला की त्याच्याकडे एकच उत्तर असायचं. "बघू," तो म्हणाला.

मी बघत बसले नाही. माझी भाकरी मी वेगळी थापायला लागले. डब्यातल्या हिंगातसुद्धा मैदा मिसळलेला असतो, हे कळायला आणखी काही महिने गेले. पण पोट सुधारलं, अंगावर मांस आलं, वजन चोपन्न झालं आणि दिवस राहिले. भाकरीनं दिलेला गुण सासूबाईंनी कुलदेवीच्या पदरात टाकला. मला त्याचं काही वाटलं नाही. मूल हवं होतं, ते येत होतं.

बाळंतपण माहेरी झालं. मुलगी. आईनं कणकेचा कणही न घालता खारीक-खोबऱ्याचे, डिंकाचे लाडू वळले आणि रोज अळिवाची खीर वाटी भरून तुपासकट पुढ्यात ठेवली. नको म्हटलं की तिचं ठरलेलं, "तुझ्यासाठी नाही, लेकीच्या दुधासाठी खा." लेक चार किलोची होती आणि मी वीस बाळांना दूध पुरेल इतकं खात होते.

माझे वडील लासलगावच्या बाजारात मापारी होते. कांद्याच्या गोण्या काट्यावर चढायच्या आणि अण्णा वजन ओरडून सांगायचे. मापाऱ्यानं वजन पुटपुटायचं नसतं. शेतकरी आणि व्यापारी, दोघांच्या कानावर गेलं पाहिजे, अशी तिथली रीत. सासरी परतायच्या आधी मी हट्टानं त्यांच्याबरोबर एका व्यापाऱ्याच्या खळ्यावर गेले आणि गोण्यांच्या काट्यावर उभी राहिले. अण्णांनी वजनं सरकवली आणि सवयीनं ओरडले, "चौऱ्याहत्तर!" पलीकडचे हमाल वळून पाहायला लागले.

"हळू सांगा की, अण्णा."

"काट्यावरचं हळू सांगायचं नसतं बाई," ते म्हणाले. "लय वाढलीस. सांभाळ."

त्यांनी सांभाळ म्हटलं त्याला कारण होतं. त्यांना साखरेचा आजार होता आणि उजव्या पायाचं एक बोट कापावं लागलं होतं. माझी साखर बाळंतपणात वर चढली होती आणि खाली यायचं नाव घेत नव्हती. नाशिकच्या डॉक्टरीणबाईंनी साध्या शब्दांत सांगितलं: पंधरा-वीस किलो उतरवा, नाहीतर पंचविशी-तिशीतच गोळ्या सुरू. भाकरी, भाजी, वरण खा, चाला, गोड-तळकट सोडा. इतकं सोपं होतं. मला फक्त एवढंच हवं होतं की जिथं जेवायला बसेन तिथं 'मला गहू चालत नाही, आजार आहे' असं खरं सांगता यावं आणि पोटाला मानवतील ते चार घास खाऊन उठता यावं.

हे मागणं फारच मोठं होतं, असं पुढच्या महिन्यात कळलं.

नात घरी आली म्हणून सासूबाईंनी गल्लीला जेवण घातलं. बासुंदी, पुरी, जिलबी. मी माझ्या ताटात भात घेऊन बसले होते. सासूबाईंच्या थोरल्या जाऊबाई, म्हणजे आमच्या मोठ्या काकू, पंगतीत पुरी वाढत आल्या. मोठ्या काकूंची नजर अशी की पंगतीत कुणी मीठ किती घेतलं तेही घरी जाऊन सांगतील. त्या थांबल्या. "सूनबाई पुरी घेत नाही? का गं? काही दुखणं आहे का हिला?"

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. माझ्या नणंदेसाठी तेव्हा मोठ्या काकूंच्या माहेरचं स्थळ चाललं होतं. घरात आजारी सून, तोही असा कधी न ऐकलेला आजार, हे तिकडे कळलं असतं तर ते म्हणाले असते, घराण्यातच काहीतरी आहे. सासूबाईंचा चेहरा मी पाहिला. एका क्षणात त्या जे बोलल्या ते त्यांनी आधी ठरवलं नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन.

"दुखणं कसलं! नवस आहे तिचा. वणीच्या देवीला बोललीय. लेक पाच वर्षांची होईपर्यंत गव्हाला शिवायची नाही."

पंगतीत सगळीकडून "अगंबाई!" असा आवाज उठला. मोठ्या काकूंनी पुरीचं ताट दुसऱ्या हातात घेतलं आणि मोकळा हात कपाळाला लावला. चातुर्मासात वांगं-कांदा सगळेच सोडतात, कुणी एखादी भाजी सोडतं. पण पाच वर्षं गहू! मी तोंड उघडलं होतं, ते मिटलं. मिटलं यात माझाही स्वार्थ होता, खोटं कशाला बोलू. आजाराला दोन वर्षं कुणी विचारलं नव्हतं. नवसापुढं अख्खी पंगत हात जोडून उभी राहिली. पुरीचा आग्रह त्या दिवसापासून बंद झाला.

आगीतून उठून फुफाट्यात पडले ते इथंच. कारण नवसवाली म्हटलं की बायकांच्या डोक्यात एकच चित्र येतं, उपवासाचं. ज्या घरी जावं तिथं मला गहू नको म्हणून खास वेगळं केलेलं असायचं: तुपात परतलेली साबुदाण्याची खिचडी, साबुदाणा वडे, रताळ्याचा गोड कीस, शेंगदाण्याचे लाडू, बटाट्याचा तळलेला चिवडा. त्यावर केळं, त्यावर आटीव दूध. "खा हो, तुम्हाला चालतंय सगळं." आणि नाही म्हणायची सोय नाही, कारण माझ्या एकटीसाठी केलेलं. एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात. माझी एकादशी रोज असायची. घरी मी भाकरी खायचे, पण आमच्या गल्लीत आठवड्याला तीन हळदीकुंकवं, दोन सत्यनारायण आणि एखादं डोहाळजेवण ठरलेलं.

आणखी गंमत म्हणजे माझी ओटी गव्हानं भरायचे. प्रत्येक घरी खण, नारळ आणि ओंजळभर गहू, तेही नवसवाली म्हणून जरा जास्तच. मी पदरात गहू घेऊन घरी यायचे, सासूबाई ते निवडून दळून आणायच्या आणि घरातली बाकीची माणसं माझ्या तपश्चर्येच्या पोळ्या खायची.

दिवाळीला माहेरी गेले की अण्णा मला काट्यावर उभं करायचे. शहात्तर. अठ्ठ्याहत्तर. एकदा ते काट्याकडे बघत म्हणाले, "नवस अंगी लागला म्हणायचा तुझ्या." गल्लीचं मत वेगळं होतं. तिथं मला कुणी जाड म्हणत नव्हतं. "गहू नाही पोटात, तरी बघा कशी भरलीय. देवीचं तेज आहे," म्हणायच्या. डॉक्टरीणबाईंना मात्र तेज दिसत नव्हतं. त्या रिपोर्टवर बोट आपटायच्या.

मी सासूबाईंना किती वेळा म्हटलं, "आई, सांगून टाकू या आता. आजार म्हणजे काय चोरी आहे?" नणंदेचं लग्न ठरेपर्यंत थांब, म्हणाल्या. लग्न ठरलं, मोठ्या काकूंच्याच माहेरी. लग्न होईपर्यंत थांब. लग्नही झालं. तिचं तिथं बस्तान बसेपर्यंत थांब. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, बघू. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त बुक्क्यांच्या जागी साबुदाणा वडे.

दोन हजार दोनच्या चैत्रात मोठ्या काकू घरी आल्या, सोबत गल्लीतल्या चार जाणत्या बायका. पुढच्या चैत्री पौर्णिमेच्या आत मुलगी पाच वर्षांची होणार, नवस फिटणार, तेव्हा उद्यापन थाटात व्हायला हवं. मोठ्या काकूंनी सगळं ठरवूनच आणलं होतं. गल्लीच्या टोकाच्या देवीच्या देवळासमोर मांडव घालायचा. माझी तुला करायची. ज्या धान्याचा त्याग केला त्याच धान्याची, म्हणजे गव्हाची. तराजूच्या एका पारड्यात मी, दुसऱ्यात तेवढे गहू, आणि ते गहू वणीला गडावर अन्नदानाला पाठवायचे. शेवटी सवाष्णींच्या पंगतीत पुरणपोळीचा पहिला घास मोठ्या काकू स्वतः मला भरवणार.

"तराजूची काळजी नको," त्या म्हणाल्या. "हिचे वडील मापारीच आहेत."

बायका गेल्या आणि सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. चार वर्षांत पहिल्यांदाच त्या माझ्याकडे नीट बघत होत्या, पायापासून डोक्यापर्यंत. त्यांच्या मनात पोत्यांचा हिशेब चालला होता हे दिसत होतं. "किती आहे गं आता?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, एकोणऐंशी. त्या उठून गव्हाची कोठी उघडून बघून आल्या.

डॉक्टरीणबाईंना चार वर्षं जे जमलं नाही ते त्या संध्याकाळी झालं. साबुदाण्याचा डबा फळीवरून गायब झाला. शेंगदाण्याला कुलूप लागलं. सासूबाई पहाटे मला उठवून गोदेच्या काठानं तपोवनापर्यंत चालवत न्यायच्या, स्वतः पुढे, काठीशिवाय, आणि मी मागे धापा टाकत. बाजारात पेठ तालुक्याकडच्या बायका नागली, म्हणजे नाचणी, घेऊन बसायच्या. तिथून नागली आणून त्यांनी स्वतःच्या हातानं माझ्यासाठी भाकऱ्या थापल्या. ज्या बाईनं सहा वर्षं 'गव्हानं कुणी आजारी पडतं का' म्हटलं, ती आता माझ्या भाकरीला पोळीचं पीठ लागू नये म्हणून परात वेगळी ठेवत होती. आणि लोकांकडे उपवासाचं ताट पुढे आलं की म्हणायची, "गव्हाची तुला होईपर्यंत तिनं साबुदाणाही सोडलाय." नवसावर नवस! गल्लीत माझा मान आणखी वाढला आणि ताटात वरण-भाजी आली.

वर्षभरात सोळा किलो उतरले. साखर जागेवर आली. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि विचारलं, "असं केलंत तरी काय?" मी म्हटलं, "उद्यापन." त्या हसल्या नाहीत.

मला मात्र रात्रंदिवस एकच गोष्ट दिसत होती, तो पुरणपोळीचा घास. एका घासानं मरण येत नाही हे मलाही माहीत होतं. पण त्या घासानंतर नवस फिटला असता, मी पुन्हा सगळ्यांसारखी झाले असते, आणि पुढच्या प्रत्येक पंगतीत पुरी माझ्या ताटात पडली असती. एकतर खोटं पुढे ओढायचं, नाहीतर गहू खायचा. तिसरं एकच होतं, खरं सांगायचं.

चैत्रातलं ऊन. मांडव. अण्णा लासलगावहून टेम्पोत जुना लोखंडी तराजू घेऊन आले होते. कांद्याचा हंगाम ऐन भरात असताना ते बाजार सोडून आले, याचं मला बरंही वाटलं आणि वाईटही. मला हार घालून एका पारड्यात बसवलं. दुसऱ्यात प्रत्येक सवाष्णीनं ओंजळ-ओंजळ गहू टाकले, मग पोतं ओतलं; सगळे गहू अण्णांनी आधीच मोजून ठेवले होते. पारडं हळूहळू खाली येऊ लागलं आणि मी वर. अण्णांनी दांडीला बोट लावून पाहिलं, दोन मुठी काढल्या, एक मूठ टाकली आणि बाजारात ओरडतात तसे ओरडले, "त्रेसष्ट!"

टाळ्या वाजल्या. मोठ्या काकूंनी तुपात भिजलेला घास माझ्या ओठांपर्यंत आणला. "घे गं पोरी. पाच वर्षांनी पहिला घास."

मी अण्णांच्या आवाजात बोलले. पुटपुटले नाही. "काकू, मला गहू चालत नाही. नवस नव्हताच. माझ्या आतड्याला आजार आहे, जन्मभराचा."

मागून एक बाई गहिवरून म्हणाली, "बघा, केलेलं पुण्य स्वतःच्या तोंडानं सांगत नाहीत म्हणून कशी बोलतेय." दुसरी म्हणाली, "पाच वर्षांची सवय, सोडवत नाही." दोघी-तिघींनी हात जोडले. मी खरं सांगितलं होतं आणि माझी पुण्याई आणखी दोन बोटं वर चढली होती.

मोठ्या काकूंचा हात तसाच होता. त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. "काय गं, खरं म्हणते ही?"

या एका वाक्यासाठी मी पाच वर्षं थांबले होते. 'हो' एवढंच म्हणायचं होतं. सासूबाईंनी गव्हाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "उन्हानं भोवळ आलीय तिला," त्या म्हणाल्या. "नंतर खाईल." आणि त्यांनी काकूंच्या हातातून घास काढून ताटात ठेवला.

घरी आल्यावर मी फार बोलले. इतकी वर्षं साठलेलं होतं. म्हटलं, "आई, तुम्हाला मला तराजूत बसवता आलं, पण माझ्या बाजूनं एक शब्द टाकता आला नाही." त्या पोत्याच्या तळाला उरलेले गहू सुपात घेऊन पाखडत बसल्या होत्या. मला त्या दिवशी त्यांचा खरोखर राग आला, अजूनही आठवला की येतो.

मोठ्या काकू काही भोळ्या नव्हत्या. त्यांनी माझ्या नवऱ्याला गाठून विचारलं, आणि त्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा 'बघू' म्हटलं नाही. "आजारच आहे," तो म्हणाला. आठ दिवसांत गल्लीभर झालं. ज्या बायका हात जोडत होत्या त्याच आता नाक मुरडायला लागल्या. पाच वर्षं फसवलं म्हणे. आणि आजार होता तर एवढी गुबगुबीत कशी होती म्हणे. ती गुबगुबीत कुणाच्या खिचडीनं झाली होती, हे विचारावंसं वाटत होतं.

दोन महिन्यांनी नणंदेचं डोहाळजेवण होतं, तिच्या सासरी. सगळ्या त्याच बायका. पुरी वाढायला पुन्हा मोठ्या काकू. माझ्यापुढं आल्या आणि थांबल्या. नवस होता तेव्हा पाच वर्षं त्यांनी माझ्या ताटाकडे पुरी वळवलीसुद्धा नव्हती. आता झाऱ्यावर पुरी घेऊन मोठ्यानं म्हणाल्या, "देवीचं बंधन तर नाही ना आता? मग घे. एकानं काय होतंय? असले आजार मनाचे असतात."

मी ताट मागे ओढणार, तेवढ्यात शेजारी बसलेल्या सासूबाईंनी आपला हात माझ्या ताटावर आडवा धरला. नणंदेची सासू समोर होती, सगळं सासर समोर होतं.

"तिला चालत नाही," त्या म्हणाल्या, इतक्या मोठ्यानं की स्वयंपाकघरातल्या बायका दारात आल्या. "आजार आहे तिला. मीच लपवला. माझ्या मुलीच्या लग्नासाठी लपवला. आता बोला काय बोलायचं ते."

काकूंच्या झाऱ्यावरची पुरी तोवर सुटली होती. ती सासूबाईंच्या हातावर पडली. कढईतून नुकतीच निघालेली होती, फुगलेली, तेल टपकत होतं. त्यांनी हात काढला नाही.